प्रेमकथेला अडसर हवा

काही वर्षं एका दिवाळी अंकासाठी येणाऱ्या कथा चाळायचं काम माझ्याकडे होतं. जून उजाडला की गठ्ठे यायला लागायचे आणि त्यांत प्रेमकथांचं पीक अमाप असायचं. पहिल्या पानावर पाऊस, दुसऱ्यावर दोघांत एक छत्री, तिसऱ्यावर दोघंही आकंठ बुडालेली. आणि कथा बारा पानांची! उरलेल्या नऊ पानांचं करायचं काय, हे लेखकाला ठाऊक नसायचं. मग नायकाला अमेरिकेची नोकरी लागायची, नायिकेला रक्ताचा कर्करोग व्हायचा, नाहीतर एखादा ट्रक यायचा. ट्रक आला की मी पेन्सिल खाली ठेवायचो.

पावसाबद्दल किंवा छत्रीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी की या लेखकांनी सोपं काम मन लावून केलेलं असायचं आणि अवघड काम ट्रकवर सोपवलेलं असायचं. दोन माणसांना एकमेकांची ओढ लागणं हे कागदावर एका वाक्याचं काम आहे. वाचक ते लगेच मान्य करतो, कारण त्याला ते मान्य करायचंच असतं. खरं लिहिणं त्यानंतर सुरू होतं: ही दोघं एकमेकांना हवी आहेत, तर मग आजच्या आज एकत्र का येत नाहीत? या 'का नाही'ला मी अडसर म्हणतो. जुन्या वाड्याच्या दाराला आतून लावायचा तो लाकडी दांडा आठवा. बाहेर उभ्या असलेल्याला तो दिसत नाही, पण दार काही उघडत नाही. आणि तो काढायचा तर आतल्या माणसानंच काढावा लागतो.

पुढे जाण्याआधी एक भेद सांगून टाकतो, कारण नवे लेखक इथे हमखास घसरतात. मराठी समीक्षेत रोमान्स म्हटलं की 1861 ची 'मुक्तामाला' किंवा 1868 ची 'मंजुघोषा' आठवते. संकटं, योगायोग, चमत्कार यांनी भरलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्या. आज आपण ज्याला रोमान्स म्हणतो तो प्रकार वेगळा. अमेरिकेतल्या रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखकसंघटनेनं त्याच्या दोनच अटी सांगितल्या होत्या: कथेच्या मध्यभागी प्रेम हवं, आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशेचा हवा. दुसरी अट ऐकून आपल्याकडची साहित्यिक मंडळी कपाळाला आठ्या घालतात. त्यांनी घालाव्यात. पण या अटीनं 'सैराट' बाहेर राहतो आणि 'मुंबई-पुणे-मुंबई' आत येतो, हे लिहिणाऱ्यानं ओळखलं पाहिजे. 'सैराट' कमी प्रतीचा म्हणून बाहेर राहत नाही. त्याला प्रेमाच्या गोष्टीतून जातीबद्दल बोलायचं आहे, आणि तो शेवट बदलला तर त्याचं बोलणंच खोटं पडेल. तुम्हाला यांपैकी काय लिहायचं आहे ते आधी ठरवा. रोमान्सचा वायदा करून शेवटच्या पानावर वाचकाच्या हातात प्रेत ठेवू नका. धक्का बसेल, पण तो फसवणुकीचा असेल.

शेवट आधीच माहीत असेल तर वाचायचं कशाला, असं कुणी विचारलं तर त्याला कीर्तनाला बसवावं. रुक्मिणीस्वयंवराचं आख्यान लागलं की कृष्ण तिला नेणार हे देवळातल्या लहान पोराला माहीत असतं. रुक्मीचा विरोध, शिशुपालाशी ठरलेलं लग्न, तिनं ब्राह्मणाच्या हाती धाडलेलं पत्र, सगळं पाठ असतं. तरी पत्र घेऊन ब्राह्मण निघाला की बायका पुढे सरकून बसतात. काय होणार याची उत्सुकता संपलेली असते, कसं होणार याची संपत नाही. एकनाथांनी त्या आख्यानावर अख्खा ग्रंथ रचला तो काही शेवट लपवून नव्हे.

पामेला रेजिस या अमेरिकन अभ्यासिकेनं 2003 साली रोमान्स कादंबरीवर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात या कथाप्रकाराचे आठ घटक मांडले: दोघांभोवतीचा समाज, भेट, अडसर, ओढ, प्रेमाची कबुली, सगळं संपलं असं वाटायला लावणारा मरणासारखा क्षण, उमज, आणि शेवटी एकत्र येण्याचं ठरणं. क्रम मागेपुढे होऊ शकतो, एखादा घटक पुन्हा पुन्हा येऊ शकतो, असंही ती सांगते. यादी उपयोगी आहे. कथा कुठे अडली ते तपासायला मी ती अजून वापरतो. पण यादी समोर ठेवून कथा लिहायला बसलात तर सरकारी फॉर्म भरल्यासारखी होते. माझ्या मते आठांपैकी एक घटक नीट जमला की उरलेले सात त्याच्यामागून चालत येतात. तो म्हणजे अडसर.

हे नुसतं सांगून कळणार नाही, म्हणून एक कथा सोबत बांधत जाऊ.

साताऱ्याच्या पाटण भागातलं डोंगरातलं एक गाव. दिवसातून एकच एसटी, तीही मुक्कामी. संध्याकाळी सातच्या सुमाराला येते, रात्री देवळापुढे उभी राहते, सकाळी सहाला परत निघते. तिच्यावरचा कंडक्टर दत्ता, वय छत्तीस. गावातल्या छोट्या पोस्टाची डाकपाल वैशाली, वय तेहतीस. टपालाची थैली गाडीतून येते. तो उतरवतो, ती सही करून घेते. सकाळी ती जाणारी थैली देते, तो चढवतो. आमच्या तिकडे कंडक्टरला 'मास्तर' म्हणतात आणि वैशालीला तर गाव 'पोस्टमास्तर' म्हणतं. त्यामुळे दोघंही एकमेकांना 'मास्तर' म्हणतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

पाहा, अजून प्रेमाचा शब्द काढलेला नाही, पण किती गोष्टी फुकट मिळाल्या. रोज भेटायला कारण मिळालं, आणि ते कामाचं आहे. वेळेची मर्यादा मिळाली: संध्याकाळची पाच मिनिटं, सकाळची पाच. हातात एक वस्तू मिळाली, ती रोज या हातातून त्या हातात जाते. पहारा करायला गावाचे डोळे मिळाले. नवख्या लेखकाला मी नेहमी सांगतो, दोघांना कॅफेत बसवू नका. कॅफेत माणसांना बोलण्याशिवाय काही काम नसतं, आणि बोलण्याशिवाय काम नसलं की पात्रं भाषणं करायला लागतात. त्यांना कामाला लावा. हात कामात असताना माणूस जे बोलतो ते खरं असतं.

आता अडसर. पहिल्यांदा सुचतो तो बाहेरचा: जात, पैसा, घरचा विरोध, बदली. आमच्या कथेत असं ठेवू की वैशालीची नोकरी गावाशी बांधलेली आहे. शाखा डाकपालानं त्याच गावात राहायचं, असा नियमच आहे. दत्ताची नोकरी चाकांवर. ती हलू शकत नाही, तो थांबत नाही. छान वाटतं ना? पण हा नुसता भूगोल झाला. बाहेरचा अडसर कथेला धरून ठेवतो, पुढे मात्र नेत नाही, कारण तो हलवणं पात्रांच्या हातात नसतं. नियम बदलला, बाप वारला, लॉटरी लागली की अडसर जातो, आणि नायक-नायिका तशीच कोरी राहतात.

म्हणून बाहेरच्या अडसराच्या पाठीला आतला अडसर लावायचा. तो शोधण्यासाठी प्रत्येक पात्राला एकच प्रश्न विचारा: तू स्वतःविषयी कोणतं खोटं खरं मानून बसला आहेस? वैशाली पूर्वी पुण्याला नोकरी करत होती. ज्याच्या भरवशावर गेली त्यानं हात वर केले. ती बॅग घेऊन परत आली तेव्हा गाव दोन वर्षं तिच्या पाठीमागे बोलत होतं. पोस्टाची खुर्ची मिळाली आणि बोलणं थांबलं. तेव्हापासून तिनं मनाशी गाठ मारली की आयुष्यात कुणाकडे काही मागायचं नाही. आजारी आईच्या गोळ्यासुद्धा ती सुट्टी काढून स्वतः कऱ्हाडहून आणते. दत्ताचं तीन ठिकाणी लग्न मोडलेलं, प्रत्येक वेळी नोकरीवरून. त्यानं स्वतःची समजूत घातली आहे की आपण माणसांना एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणारे; आपली जागा अशी कुठे नसते. रोज रात्री मुक्काम, रोज सकाळी डबल बेल.

आता दोघांच्या गाठी एकमेकींत कशा अडकतात ते बघा. तिनं काही मागितलं असतं तर तो थांबला असता, पण ती मागणार नाही. तो थांबला असता तर तिनं मागितलं असतं, पण तो थांबणार नाही. दोन्ही अडसर असे एकमेकांत अडकवता आले की समजा निम्मी कथा झाली. नाहीतर नुसत्या दोन दुःखी माणसांची कहाणी होते, आणि दुःख हे काही प्रेमाचं कारण नव्हे.

अडसर खरा आहे का, हे तपासायची माझी एक साधी कसोटी आहे: तो एका फोननं मिटतो का? मिटत असेल तर तो अडसर नव्हे, निव्वळ गैरसमज. तिनं त्याला दुसऱ्या मुलीबरोबर हॉटेलात पाहिलं, ती त्याची मावसबहीण निघाली. चाळीस पानं रुसवा, शेवटी खुलासा. खिशात मोबाईल नव्हता त्या काळात हे कसंबसं चालून गेलं. आज वाचक पानाशी भांडतो, 'अगं, विचार की त्याला!' म्हणून. गैरसमज वापरूच नका असं नाही. पण तो आतल्या गाठीतून आला पाहिजे, म्हणजे फोन हातात असूनही तो लावला जात नाही.

जेन ऑस्टिनची 'पर्सुएशन' इथे फार उपयोगी पडते. ही तिची पूर्ण झालेली शेवटची कादंबरी, तिच्या मृत्यूनंतर 1817 च्या डिसेंबरात बाहेर आली. ॲन एलियटनं एकोणिसाव्या वर्षी, वडीलधाऱ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून, फ्रेडरिक वेंटवर्थशी ठरलेलं लग्न मोडलेलं असतं. त्याच्याकडे तेव्हा पैसा नव्हता. आठ वर्षांनी तो नौदलातला श्रीमंत कप्तान होऊन परततो. म्हणजे बाहेरचा अडसर कादंबरी सुरू होतानाच संपलेला आहे! उरतो तो आतला: त्याचा दुखावलेला अभिमान आणि आता आपल्याला काही हक्क राहिला नाही हा तिचा समज. अख्खी कादंबरी त्यावर चालते.

त्याहून मोलाची गोष्ट ही की ऑस्टिननं शेवट एकदा लिहून टाकून दिला होता. ती दोन रद्द केलेली प्रकरणं तिच्या हस्ताक्षरात आजही ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पहिल्या खर्ड्यात ॲडमिरल क्रॉफ्ट पुढाकार घेतो. ॲनचं दुसऱ्याशी ठरल्याची वदंता खरी का, हे विचारण्याची कामगिरी वेंटवर्थच्या गळ्यात पडते, ती नाही म्हणते आणि सगळं जुळतं. वाचायला बरं आहे. पण अडसर तिसऱ्यानंच काढला ना! ऑस्टिनला ते पटलं नाही. नव्या शेवटात वेंटवर्थ एका खोलीत टेबलाशी काहीतरी लिहीत बसला आहे, आणि पलीकडे ॲन दुसऱ्या एका कप्तानाशी वाद घालते आहे, बायका किती काळ प्रेम धरून ठेवतात यावर. ती त्याच्याशी बोलत नाही, पण त्याला ऐकू येतंय. तो तिथल्या तिथे तिला पत्र लिहितो. दोघंही आपापल्या गाठी आपल्या हातानं सोडतात, तेही माणसांनी भरलेल्या खोलीत. तुमच्या कथेचा शेवट अडला असेल तर तो कुणा ॲडमिरल क्रॉफ्टच्या खांद्यावर तर टाकलेला नाही ना, एवढं एकदा पाहा. मराठी कथेत हा ॲडमिरल बहुधा नायिकेची मैत्रीण, मोठी वहिनी किंवा मृत्युशय्येवरची आजी असते.

आता ओढीकडे वळू. ओढ दाखवताना लेखक डोळे, केस, ओठ आणि हृदयाची धडधड यांच्यापलीकडे जात नाहीत. 'त्याच्या काळ्याभोर डोळ्यांत ती हरवून गेली' हे वाक्य मी किती वेळा खोडलं असेल, हिशेब नाही. डोळे कुणाचेही काळेभोर असतात. त्याऐवजी हे बघा:

'रोज ती थैली एका हातानं घ्यायची. आज तिनं डावा हात पुढे केला. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. दत्तानं थैली सोडली नाही. "कुठं ठेवायची ते सांगा," म्हणाला, आणि पहिल्यांदाच पोस्टाची पायरी चढला.'

भाजलं का, दुखतंय का, काहीच विचारलं नाही. पण त्यानं पाहिलं, हे तिला कळलं; तिला कळलं हे आपल्याला कळलं. ओढ म्हणजे लक्ष असणं. दुसऱ्या कुणाच्या ध्यानात येणार नाही अशी एक बारीक गोष्ट या एका माणसाच्या ध्यानात येते. अशा तीन-चार जागा कथेत पेरल्या की 'त्याला ती आवडू लागली' हे वाक्य लिहायची गरजच उरत नाही. महाराष्ट्री प्राकृतातली हालाची 'गाथासप्तशती' एकदा या नजरेनं वाचा; स. आ. जोगळेकरांनी तिचं मोठं काम मराठीत करून ठेवलं आहे. दोन ओळींची गाथा, त्यात शेत, नदी, वाटसरू, सासू, आणि बोलणारी व्यक्ती भलत्याच गोष्टीबद्दल बोलत असते. प्रेम ऐकणाऱ्यानं ओळखायचं. गोदावरीकाठच्या त्या अनाम बायापुरुषांना विशेषणांची गरज पडली नव्हती.

आणि भाषा. मराठी प्रेमकथाकाराच्या हातात असं एक हत्यार आहे की इंग्रजी लेखकानं हेवा करावा, आणि आपण ते गंजत ठेवतो. ते म्हणजे तुम्ही, तू आणि आपण. 'तुम्ही'वरून 'तू'वर येणं हा कथेतला एक अख्खा प्रसंग होऊ शकतो. कुणी आधी यायचं? कुणाच्या लक्षात आलं? चुकून तोंडातून गेलं आणि सावरलं का? पण थांबा, सगळीकडे हे असंच चालत नाही. पुण्यातल्या आयटी कंपनीतली दोघं पहिल्या दिवसापासून अरे-तुरे करतात. तिथे 'तू'ला किंमत नाही. तिथे कदाचित ती त्याला आडनावानं हाक मारते आणि एक दिवस नावानं मारते, हा बदल मोठा. उलट जुन्या वळणाच्या घरात जवळीक वाढते तसं नाव तोंडातून जातं आणि 'अहो' येतं. मग नाव फक्त उखाण्यात उरतं. आपल्या पात्रांच्या घरात कोणती शिडी आहे, ती वर चढते की खाली उतरते, हे ठरवूनच संवाद लिहा. शिवाय 'दादा' आणि 'भाऊ' आहेतच. अनोळखी पुरुषाशी बोलताना आपल्याकडच्या बाया 'दादा' हा शब्द कुंपणासारखा वापरतात. एखाद्या संध्याकाळी ते कुंपण नुसतं गळून पडलं, कुणी काही बोललं नाही, तरी चाणाक्ष वाचक पान उलटण्याआधी थबकतो.

पण माझा सर्वांत आवडता शब्द 'आपण'. 'आम्ही'मध्ये ऐकणारा नसतो, 'आपण'मध्ये तो असतो. जगातल्या कितीतरी भाषांना ही सोय नाही. 'आमची गाडी' आणि 'आपली गाडी' यांत एका संसाराचं अंतर आहे. वैशाली आणि दत्ता शेवटपर्यंत एकमेकांना 'तुम्ही'च म्हणतील. त्या गावात, त्या वयात, तेच शोभतं. त्यांच्या कथेत जे घडायचं ते 'आपली' या शब्दात घडेल. तो शब्द मी त्यामुळे आधी कुठेही खर्च करणार नाही. लिहिताना शब्द असे राखून ठेवायला शिका. 'प्रेम' हा शब्द तर जितका उशिरा तितका बरा. मराठीत 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे अजून नाटकातल्यासारखं वाटतं. आपण 'जेवलास का' म्हणतो, 'पोचलीस की फोन कर' म्हणतो.

निवेदन कुणाच्या तोंडून, याबद्दल थोडक्यात. दोघांच्या मनात आळीपाळीनं शिरायची आता फॅशन आहे. वाईट नाही, पण छोट्या कथेत एकाच्याच मनात राहा. दुसऱ्याच्या मनात काय आहे हे माहीत नसणं हाच तर प्रेमाचा जाच असतो, तो वाचकाला का नाकारायचा? प्रथमपुरुषी लिहिलंत तर मराठी क्रियापद पहिल्याच वाक्यात 'आलो' की 'आले' ते सांगून मोकळं होतं, हेही ध्यानात असू द्या. आमची कथा मी वैशालीच्या बाजूनं लिहीन, कारण गाडी येते आणि जाते. वाट पाहणारी ती आहे.

शृंगाराचं काय, हा प्रश्न लेखन-शिबिरात नेहमी शेवटच्या रांगेतून आणि दबक्या आवाजात येतो. 'रंभा' मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात आलेल्या चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1969 साली न्यायालयानं ती अश्लील नसल्याचा निर्वाळा दिला. तेव्हा तुम्ही लिहायला मोकळे आहात. फक्त त्या प्रसंगानंतर दोघांमध्ये काहीतरी बदललं पाहिजे. बदललं नसेल तर तो प्रसंग कितीही धीट असो, कथेत तो पाहुणा आहे. एक गोष्ट मात्र मी हट्टानं खोडतो: नकार देणाऱ्या मुलीचा पाठलाग करून तिचं मन जिंकणारा नायक. सिनेमानं आपल्याला ते प्रेम म्हणून विकलं. नकार हा अडसर नव्हे, उत्तर आहे.

आता त्या मरणासारख्या क्षणाकडे येऊ. इथेच तो ट्रक यायचा. आमच्या कथेत ट्रकची गरज नाही, एसटीचा संप आहे. 2021 च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला, 2022 च्या एप्रिलपर्यंत चाललेला. राज्य शासनात विलीनीकरण करा म्हणून कर्मचारी डेपोंपुढे मंडप घालून बसले होते. गावात गाडी येणं थांबलं. देवळापुढची जागा संध्याकाळी सातला रिकामी. थैली आता वडापनं, म्हणजे खासगी जीपनं, येते.

कच्चा लेखक इथे थांबेल: संप झाला, ताटातूट झाली, दुःख झालं. पण फोन आहे ना दोघांकडे? आमची कसोटी लावा. दत्ता फोन का करत नाही? कारण पगार बंद आहे, निलंबनाची नोटीस आली आहे, आणि चौथ्यांदा नोकरीवरून नाकारलं जाण्याआधी तो आपणहून नाहीसा होणं पसंत करतो. वैशाली का करत नाही? फोन करणं म्हणजे विचारणं, आणि विचारणं म्हणजे मागणं. संपानं फक्त दाबलं. तुटलं ते जिथे आधीपासून चीर होती तिथेच. बाहेरची घटना हवी तेवढी मोठी घ्या, महापूर घ्या, टाळेबंदी घ्या. पण तिनं नेमकं त्या खोट्यावर बोट ठेवलं पाहिजे, जे पात्र पहिल्या पानापासून खरं मानून चाललं आहे. या भागावर घाई करू नका. रिकामी संध्याकाळ एक ओळ लिहून संपवू नका. वडापवाला थैली भिरकावून जातो, ती तिच्यावरची धूळ झटकते, सही घ्यायला समोर कुणी नसतं. साडेसातला आई विचारते, 'गाडी गेली का गं?' आणि ती म्हणते, 'गाडी नाही आई हल्ली.' असं चार-पाच संध्याकाळी लिहा, प्रत्येक वेळी एखादी गोष्ट कमी करत.

मग उमज. ती विचारातून दाखवू नका. 'तिला कळून चुकलं की' अशी सुरुवात झाली की कथेचं प्रवचन होतं. कृतीतून दाखवा. इतकी वर्षं गावाची पत्रं हाताळणारी वैशाली आपलं असं पत्र कधी लिहीत नाही, हे मी सुरुवातीला कुठेतरी सहज सांगून ठेवलं असतं. आता ती एक पोस्टकार्ड घेते. पत्ता: पाटण डेपो, संपाचा मंडप. त्यावर आपल्याच हातानं आपल्या पोस्टाचा शिक्का मारते. पोस्टकार्ड आहे, म्हणजे मंडपातल्या सगळ्यांनी वाचायचं ते. मजकूर दोनच ओळींचा: 'थैली वडापनं येते. आपली गाडी कधी सुरू होणार?'

राखून ठेवलेला शब्द असा बाहेर आला. रुक्मिणीनं पत्र लिहिलं, वेंटवर्थनं लिहिलं, आता वैशालीनंही. कुणी म्हणेल पत्राचा सोस जरा जास्तच झाला. असू दे. पोस्टातली बाई आहे, तिनं दुसरं काय करावं?

शेवट लिहिताना एक हिशेब तपासायचा: किंमत दोघांनी मोजली का? एकट्या नायिकेनं नोकरी सोडली, गाव सोडलं, नाव बदललं आणि नायकानं फक्त हात पुढे केला, तर तो शेवट सुखाचा नाही, एकतर्फी वसुली आहे. इथे वैशालीनं मागितलं, तिचं देणं झालं. दत्ताचं बाकी आहे. त्याचं उत्तर मी फोनवरून देणार नाही. संप मिटेपर्यंतही थांबणार नाही, कारण तसं केलं तर अडसर सरकारनं काढल्यासारखं होईल. मंडपातून उठून तो एका दुपारी वडापनं गावात येतो, कंडक्टर म्हणून नाही, नेहमीच्या पिशवीशिवाय. त्या गावात तो शेकडो रात्री झोपला आहे, पण दिवसाउजेडी त्यानं ते कधी पाहिलेलंच नाही. तो चुकीच्या गल्लीत शिरतो. एका म्हातारीला विचारतो, इथं भाड्यानं खोली मिळेल का. मुक्कामी गाडीचा कंडक्टर मुक्कामाच्याच गावात राहिला तर त्याची रोजची रात्र घरी जाते, हा तोडगा पहिल्या पानापासून कथेतच पडून होता. तो उचलायला थांबायची तयारी लागत होती, एवढंच. असा शेवट मिळाला की लेखकानं खूश व्हावं. आधी पेरलेलं उगवणं वेगळं, आयत्या वेळी बाहेरून आणणं वेगळं.

यानंतर लग्न, हार, मंडप काही लिहू नका. वाचक ते स्वतः करून घेतो. मी एकच प्रसंग आणखी लिहीन. एप्रिल. गाडी सुरू झाली आहे. सकाळचे पावणेसहा, ड्रायव्हरनं इंजिन चालू केलंय. वैशाली थैली आणते, दत्ता ती चढवतो. ती परत वळते, चार पावलं जाते, थांबते.

'मास्तर, कऱ्हाडहून आईच्या गोळ्या आणाल का येताना?'

दत्ता चिठ्ठी मागतो. ती आधीच लिहून आणलेली असते.